गाळलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही

‘भांड्यांचं पाणी फडक्यातून गाळून थेट पाइपात सोडा, वेगळं खत लागत नाही’ हे घरच्या सांडपाण्यावर हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय पाइपातल्या पाण्यात भाजी, करण्याच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. हा उद्योग मी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर करून बसलोय. फडक्यात खरकटं अडकतं हो, तेल, मीठ आणि साबण खाली उतरतातच! आठव्या दिवशी पालकाची मुळं तपकिरी, बुळबुळीत. टाकीला असा वास, की शेजारच्या काकू गटार तुंबलं का बघायला वर आल्या. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, पट्टी बुडवून बघितला तर 8 च्या वर. हायड्रोपोनिक्समध्ये पालेभाजीला तो 6 च्या आसपास लागतो, नाहीतर पाण्यात लोह असूनही मुळं ते घेत नाहीत, नवी पानं पिवळी पडतात. आणि खत लागत नाही म्हणे, पण भांड्यांच्या पाण्यात पानं वाढवणारं नत्र असून असून असणार किती?

आता भांड्यांचं पाणी बंद. आंघोळीचं पाणी आधी खडी-वाळू आणि कर्दळीच्या वाफ्यातून जातं, मग पीएच बघून खत मोजून घालतो. तरी त्यावर फक्त पालक, चवळई, म्हणजे शिजवून खायचं. लेट्यूस आणि कोथिंबीर कच्चीच खातो, म्हणून ती नळाच्या पाण्यावर. लेखातल्या फोटोत मात्र नेमकं लेट्यूसच दिसतंय.