‘शिडाच्या बोटीला रडार कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

मुंबई-गोवा सफरींचा हंगाम आला की हौशी शिडबोटवाल्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: कोकणात रडार म्हणजे उधळपट्टी, मोबाईलवर एआयएस (बोटींनी रेडिओवरून आपोआप पाठवलेला ठावठिकाणा) बघा, डोलकाठीला रिफ्लेक्टर (दुसऱ्याच्या रडारच्या लहरी परत फेकणारं साधन) बांधा, मोठी जहाजं शिडाला वाट देतातच, वर रडारने बॅटरी बसते आणि किरणं बाधतात.

एआयएसवर फक्त स्वतःचा ठावठिकाणा सांगणारी बोट दिसते. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांवरच्या 300 ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना ते सक्तीचं आहे, म्हणून जयगडला येणारं कोळशाचं जहाज नीट दिसेल. हर्णैसमोर रात्री जाळं टाकून बसलेली फायबरची होडी मात्र बहुधा दिसणार नाही. त्यात मोबाईलचं अ‍ॅप संदेश स्वतः पकडत नाही. किनाऱ्यावरचे अँटेना पकडतात आणि इंटरनेटवरून ते तुमच्यापर्यंत येतात. रेंज गेली की पडदा जुनीच जागा दाखवत बसतो.

रडारलाही ती होडी सहज सापडते असं नाही. लाकूड आणि फायबरचा प्रतिध्वनी क्षीण. लाटांवरून परतणाऱ्या खोट्या ठिपक्यांचा कचरा पुसायला सी-क्लटरचं बटण जास्त फिरवलंत, तर कचऱ्याबरोबर होडीही पुसली जाते. जाळ्याच्या बांबूवरचा झेंडा तर विसराच. पहाऱ्याला माणूस हवाच, समुद्रात टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नियम 5 तेच सांगतो.

रिफ्लेक्टरमुळे फार तर तुम्ही दुसऱ्याला दिसाल; तुम्हाला काय दिसणार? 2006 मध्ये ब्रिटनच्या वाइट बेटाजवळ ‘ऊझो’ ही शिडबोट बुडून तिघे गेले. त्यानंतर झालेल्या चाचण्यांत चार इंची नळीवाले रिफ्लेक्टर कुचकामी ठरले. आपल्याकडे बऱ्याच बोटींवर तीच नळी.

शिडाला वाट? नियम 18 एकमेकांना डोळ्यांनी पाहणाऱ्या बोटींसाठी आहे. धुरकटात नियम 19 लागतो, तिथे शिडाला कसलाही मान नाही. बंदराच्या अरुंद चॅनेलमध्ये तर उलट आपणच जहाजाला अडथळा करायचा नाही. म्हणून जहाज आधीच दिसायला हवं. चार मीटर उंचीवरच्या रडारला 16 मीटर उंच जहाज साधारण 13 सागरी मैलांवर क्षितिजावर येतं. दोघांचा मिळून जवळ येण्याचा वेग 20 नॉट (तासाला 20 सागरी मैल) धरला, तरी जवळजवळ चाळीस मिनिटं हातात. मे महिन्यातली वळवाची सरही पडद्यावर आधी उमटते, तेवढ्यात शिडं कमी करता येतात.

बॅटरीची तक्रार जुन्या, मॅग्नेट्रॉन नावाच्या नळीवर चालणाऱ्या रडारची. नवे, नळीऐवजी ट्रान्झिस्टर वापरणारे सॉलिड-स्टेट संच 20 वॅटच्या आसपास घेतात. किरणांसाठी अँटेना डोक्याच्या वर बसवा, झालं.

दिवसाउजेडी गेटवे-मांडवा करणाऱ्याने रडारवर पैसे घालू नयेत, एवढं फॉरवर्डचं मला मान्य. रात्री दाभोळ, विजयदुर्ग ओलांडणाऱ्याने आधी क्लास-बी ट्रान्सपॉन्डर (लहान बोटींसाठीचं एआयएस यंत्र) घ्यावा, मग रडार. आणि लख्ख उन्हात ते चालवून पडद्यावरचा ठिपका समोरच्या होडीशी ताडून पाहावा.