गोल्डा मेयरला पैसे आयते मिळाले? नाही हो, नीट वाचा

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असं म्हणणं आहे की इस्रायलची पुढे पंतप्रधान झालेली गोल्डा मेयर हिचं उगाच कौतुक होतं, १९४८ मध्ये इस्रायल उभं राहिलं ते अमेरिकन सरकारच्या पैशावर आणि शस्त्रांवर, हिने फक्त श्रीमंत ज्यूंकडे जाऊन चेक गोळा केले, जॉर्डनच्या राजाला भेटली पण युद्ध काही थांबवता आलं नाही, आणि एकंदरीत बाई म्हणून शोभेला पुढे केली होती. लोक हे खरं मानून पुढे पाठवतायत म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं, अमेरिकन सरकार. ५ डिसेंबर १९४७ ला अमेरिकेने पॅलेस्टाईन आणि आजूबाजूच्या देशांना शस्त्रं पाठवायलाच बंदी घातली होती. बंदी! अमेरिकेचा अध्यक्ष ट्रुमनने १४ मे १९४८ ला, इस्रायलची घोषणा झाल्या झाल्या, त्याला मान्यता दिली हे खरंय पण मान्यता म्हणजे बंदुका नव्हेत, आणि अमेरिकन सरकारी बँकेचं १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं ते थेट जानेवारी १९४९ मध्ये, तोवर मुख्य लढाई होऊन गेलेली. शस्त्रं आली प्रामुख्याने चेकोस्लोव्हाकियातून, रायफली, मशिनगन, नंतर विमानं, आणि त्या देशाला हवे होते रोख डॉलर. उधारी नाही. म्हणजे डॉलर कुठून आणायचे हाच सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि गोल्डाची कामगिरी नेमकी तिथे आहे.

आता "श्रीमंतांकडून चेक गोळा केले" हा मुद्दा, यावर जरा जास्त लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त अन्याय होतो. तेव्हा तिचं नाव गोल्डा मेयरसन, ती पंतप्रधान वगैरे काही नव्हती, ते १९६९ ला. ज्यू एजन्सीचा (पॅलेस्टाईनमधल्या ज्यूंचा कारभार बघणारी संस्था) खजिनदार एलिएझर काप्लान अमेरिकेहून परत आला तो हात हलवत, म्हणाला तिकडचे लोक देऊन देऊन थकलेत, फार तर ५० ते ७० लाख डॉलर मिळतील. गरज होती अडीच-तीन कोटींची. तिथल्या ज्यूंचा नेता, पुढे पहिला पंतप्रधान झालेला बेन-गुरियन स्वतः अमेरिकेला निघायला तयार झाला तेव्हा गोल्डा म्हणाली की तू इथे जे करतोस ते मला जमणार नाही पण तिकडे जे करायचंय ते मी करू शकते. जेरुसलेमचा रस्ता इतका धोक्याचा झालेला की घरी जाऊन कपडे आणणंही शक्य नव्हतं, अंगावरच्या ड्रेसवर १९४८ च्या जानेवारीत, ऐन थंडीत न्यूयॉर्कला पोचली.

शिकागोत ती जिच्यासमोर बोलली ती सभा अमेरिकेतल्या ज्यू संस्थांच्या प्रतिनिधींची होती, आणि हे बहुतेक लोक झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंचं वेगळं राष्ट्र हवं म्हणणारे, नव्हते हे लक्षात घ्या. त्यांच्या डोक्यात आपापल्या गावची हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, शाळा. त्यांच्यासमोर ती कागद न घेता उभी राहिली आणि साधारण असं म्हणाली की आम्ही लढायचं की नाही हे तुम्ही ठरवू शकत नाही, ते ठरलंय, आम्ही जिंकायचं की हरायचं एवढंच तुमच्या हातात आहे. आणि पैसे आत्ता हवेत, काही महिन्यांनी नकोत. त्यानंतर गावोगावच्या ज्यू समाजांनी बँकेतून कर्ज काढून रोख रक्कम दिली. कर्ज काढून! हे आयते चेक वाटतात का? तिच्या बरोबर रुझवेल्टचा माजी अर्थमंत्री हेन्री मॉर्गेनथाऊ शहरोशहरी फिरला, म्हणजे ती एकटी नव्हती, पण मार्चमध्ये परत आली तेव्हा जवळपास ५ कोटी डॉलर जमले होते. बेन-गुरियन म्हणाला की पुढे इतिहास लिहिला जाईल तेव्हा एका ज्यू बाईने पैसा आणला म्हणून हे राष्ट्र शक्य झालं असं त्यात असेल. मिलवॉकीत वाढलेली, तिथेच शिक्षिका झालेली, तिला अमेरिकन माणसाशी बोलायचं कसं हे आतून माहीत होतं आणि ते काप्लानकडे नव्हतं असं माझं मत.

आता जॉर्डनचा राजा अब्दुल्ला. नोव्हेंबर १९४७ ला जॉर्डन नदीकाठच्या नहरायिमच्या वीजकेंद्रापाशी पहिली भेट, तेव्हा त्याने ज्यूंवर हल्ला करणार नाही असं सांगितलेलं. १० मे १९४८ ला ती अरब बाईच्या काळ्या वेशात अरबी जाणणारा सहकारी एझ्रा दानिन याच्याबरोबर लपून त्याच्या राजधानीला, अम्मानला गेली, अरबी येत नसताना, पकडली गेली असती तर काय झालं असतं विचार करा. राजाने सांगितलं स्वतंत्र राष्ट्राच्या घोषणेची घाई नको, माझ्या राज्यात स्वायत्तता घ्या, संसदेत जागा घ्या. ती नाही म्हणाली. तिच्या जागी कोणीही असतं तरी चार दिवसांवर घोषणा असताना दुसरं उत्तर देऊ शकलं नसतं, आणि अब्दुल्लाही तोपर्यंत युद्धात उतरणाऱ्या पाच अरब देशांपैकी एक झाला होता, एप्रिलमध्ये दैर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांच्या हल्ल्यात अरब गावकरी मारले गेले त्यानंतर तर त्याला मागे फिरणंच कठीण झालेलं. ती फार ताठ बोलली असा आक्षेप काही अभ्यासक घेतात, तो मला पूर्ण खोटा वाटत नाही. पण एका भेटीत पाच देशांचं युद्ध थांबलं नाही म्हणून तिला अपयशी ठरवणं बरोबर नाही.

शोभेचा मुद्दा लवकर संपतो. १९४६ च्या जूनमध्ये ब्रिटिशांनी (पॅलेस्टाईनवर तेव्हा त्यांचंच राज्य होतं) ज्यू एजन्सीच्या राजकीय विभागाचा प्रमुख शेरटोक याला अटक करून लात्रुनच्या छावणीत ठेवलं तेव्हा त्या विभागाचा कारभार तिनेच पाहिला, राष्ट्र होण्याच्या दोन वर्षं आधीच. इस्रायलच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रावर ३७ सह्या, त्यात बाया दोनच, ती आणि राशेल कोहेन-कागान. मग मॉस्कोला इस्रायलची पहिली दूत, आणि तिथे ती सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) गेली तर भीतीने गप्प बसलेले हजारो ज्यू रस्त्यावर आले, स्टालिनच्या राज्यात!

आणि ज्यांना कौतुक करायचंय त्यांनीही हे वाचा. त्याच शस्त्रांनी झालेल्या युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरब बेघर झाले. हैफा या बंदराच्या शहरातून अरब निघून गेल्यावर गोल्डा स्वतः तिथे गेली होती आणि परत येऊन सहकाऱ्यांना सांगितलं की ते शहर मेल्यासारखं वाटलं, ओसाड घरं बघून युरोपातली ज्यूंची गावं आठवली.