टाचेचं हाड वाढलंय म्हणे!

गेल्या जूनमध्ये शाळा उघडली आणि पंधरा दिवसांत माझी डावी टाच कुरकुरायला लागली. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत, जरा आतल्या अंगाला, खिळा घुसल्यासारखं व्हायचं. भिंत धरत मोरीपर्यंत जायचं. दहा-बारा पावलांत कळ ओसरायची, वाटायचं, चला, गेली. मग शाळेत तिसऱ्या तासाला ती परत हजर. मधल्या सुट्टीत घटकाभर बसून उठले की पुन्हा तेच पहिलं पाऊल.

निदान स्टाफरूममध्ये दोन मिनिटांत झालं. "बाई, हाड वाढलंय." गणिताच्या सरांच्या बायकोचं वाढलं होतं, शिपाईमामांचं वाढलं होतं, मामांच्या मेहुण्याचं तर दोन्ही पायांचं. एवढी हाडं वाढतायत आणि कोल्हापूरची उंची काही वाढत नाही!

अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी दोन्ही टाचांचा एक्स-रे काढला. काचेवर लावला तर खरंच, डाव्या टाचेच्या हाडाला खाली इवलीशी चोच. माझा चेहरा पडला. मग त्यांनी उजवीचा लावला. तिची चोच डावीपेक्षा मोठी! आणि उजवी टाच माझी आयुष्यात दुखलेली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, मग ही का दुखत नाही?" ते म्हणाले, "तेच तर मी रोज दहा जणांना सांगतो."

अशी चोच अनेकांना असते, आणि त्यातल्या कितीतरी जणांना टाचदुखी ठाऊकही नसते. दुखते ती तळव्यातली पट्टी. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड, चिवट पट्टी ताणलेली असते, पावलाची कमान तिच्यावर तोललेली असते. चालताना टाच उचलली आणि बोटं वर वळली की ती विहिरीच्या रहाटावरच्या दोरासारखी बोटांभोवती आवळते आणि कमान उचलून धरते. प्रत्येक पावलाला, दिवसभर. हा ताण सोसण्यापलीकडे गेला की पट्टी टाचेपाशी, जिथून निघते तिथेच, झिजायला लागते. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पोटरी आणि पट्टी दोन्ही आखडतात. सकाळी त्यांच्यावर एकदम सगळा भार टाकला की ती कळ येते. आयुर्वेदातलं वातकंटक हे नाव मला म्हणूनच आवडतं. कंटक म्हणजे काटा. ज्याला टोचलाय त्यानेच ठेवलेलं नाव वाटतं.

डॉक्टरी नाव आहे प्लांटर फॅसायटिस. त्यातलं 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. पण २००३ साली अमेरिकेत हार्वी लेमॉन्ट आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या ५० शस्त्रक्रियांमधले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जुनाट दुखण्यात दाह दिसलाच नाही, दिसली ती पट्टीची झीज. मला हे वाचून फार बरं वाटलं. सूज असती तर गोळ्या खाऊन बसले असते. झिजलेली पट्टी पुन्हा बळकट करायची तर तिच्याकडून हळूहळू काम करून घ्यावं लागतं.

म्हणून माझा राग त्या 'हाड वाढलंय' या दोन शब्दांवर आहे. एकदा हाड म्हटलं की माणूस हात टेकतो. व्यायामानं हाड थोडंच झिजणार? मग एक तर सहन करत बसायचं, नाहीतर इंजेक्शन. आमच्या एका बाईंनी वर्षात तीन घेतली. प्रत्येक वेळी महिनाभर पेढे वाटावेत असा आराम, मग जैसे थे. स्टेरॉइडचा आराम बहुधा तेवढाच टिकतो, आणि वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी विरळ होऊ शकते, क्वचित पट्टीच तुटते. एखादं घ्यायला माझा विरोध नाही, पण तोच उपाय समजण्याला आहे.

मला फिजिओथेरपिस्ट मुलीनं दोन गोष्टी दिल्या. पहिली, पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हातानं तळवा चाचपायचा. पट्टी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ लागली पाहिजे. दहा आकडे धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुसरी, जिन्याच्या पायरीवर. टॉवेलची गुंडाळी बोटांखाली घ्यायची, तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. एकाआड एक दिवस. सोपं वाटायला लागलं की पाठीवर दप्तर, त्यात वह्या. डेन्मार्कमध्ये २०१४ साली ४८ रुग्णांवर हा प्रयोग झाला, तिथेही पाठीवर पुस्तकांची पिशवीच होती. तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा ही मंडळी बरी होती, वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच झाले. मी सहामाहीचे पेपर पाठीवर घेऊन जिन्यात उभी राहायचे. पोरांच्या चुकांचं वजन पहिल्यांदाच कामी आलं.

सासूबाईंनी तापलेली वीट आणि रुईचं पान आणलं. शेकलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी त्या विटेच्या वाटेला जाऊ नये, भाजलेलं कळतसुद्धा नाही. टाचेत मुंग्या येत असतील, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जीव जात असेल, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. फेसबुक बंद करा आणि दवाखाना गाठा.

खरी लढाई मात्र ओट्यापाशी झाली. शाळेत पाच तास उभी, घरी दोन तास, तेही अनवाणी, टणक फरशीवर. (कोल्हापुरी चपलेबद्दल मी या गावात राहून काही बोलणार नाही. इतकंच, की तिचा तळ फरशीहून फार मऊ नसतो.) फिजिओ म्हणाली, घरात मऊ, टाचेला जरा उंच सपाता घाला. आमच्या स्वयंपाकघरातच देव्हारा. सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाकघरात वहाणा? आमच्या हयातीत?" मी नव्या कोऱ्या आणल्या, उंबऱ्याबाहेर कधीच न्यायच्या नाहीत असं कबूल केलं, आणि देवापुढे जाताना काढून ठेवायला लागले. चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी त्या सपाता ओट्याखाली नीट जोडून ठेवलेल्या दिसल्या.

आता मार्च आलाय. पहिल्या पावलाची कळ डिसेंबरात निम्म्यावर आली होती, आता महिन्यात एखाद-दुसऱ्या सकाळी जाणवते, तीही आदल्या दिवशी गॅदरिंगसारखं काही असलं तर. बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतंच म्हणे. परवा भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "त्या सपाता कितीला पडल्या गं? माझा नंबर पाच."