आत्याने टेपरेकॉर्डर मागितला होता

आज डोकं फिरलंय, आधीच सांगून ठेवते. पोस्ट लांब होणारे. ज्यांना वेळ नाही त्यांनी न वाचता लाईक करून पुढे जा, एरवीही तेच करता.

सकाळी एका फाउंडेशनच्या मीटिंगला गेले होते. नाव लिहीत नाही. फोल्डरवर सोनेरी अक्षरांत 'महिला नेतृत्व, कला आणि संशोधन' असं छापलेलं, सोबत काजू आणि ती छोटी पाण्याची बाटली. मला बाहेरची मेंबर म्हणून अर्ज वाचायला बोलावलेलं. सतरा अर्ज होते. त्यात एक हाताने लिहिलेला, एका पोरीचा. तिला तिच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांची हळदीची, जात्यावरची गाणी वर्षभर गावोगाव फिरून रेकॉर्ड करायचीयेत. मागणी काय, तर वर्षभराचं मानधन, एसटीचं भाडं आणि एक बरा रेकॉर्डर. बस. टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ अगदी सौम्य आवाजात म्हणाले, 'कल्पना सुंदर आहे हो, पण यात लाभार्थी किती?' आणि पान उलटलं. पुढचा अर्ज पन्नास शिलाई मशीनचा. पाच मिनिटांत पास. लाभार्थी पन्नास, मोजता येतात ना, फोटोतही मावतात.

आणि मी गप्प बसले. ते नंतर सांगते.

माझी आत्या. भोर तालुक्यातलं आमचं गाव, शिक्षण चौथी, नवरा लवकर गेलेला. गावात पिठाची गिरणी आली आणि जाती उंबऱ्याबाहेर गेली, लग्नाच्या हळदीला तेवढी धुवून आत यायची. आत्याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, ती ओव्या लिहून ठेवायला लागली. वही कुठली, कालनिर्णयची जुनी पानं, मागची बाजू. जिथे छापलेलं नसेल तिथे, कडेला, तारखांच्या चौकोनात सुद्धा. पण तिची एक अडचण होती, ती मला पुढे खूप वर्षांनी कळली. म्हाताऱ्यांना नुसतं 'सांग गं ओवी' म्हटलं तर आठवायची नाही. जात्याला हात लागला, खुंटा फिरायला लागला की एकामागून एक यायच्या, आणि मग आत्याचा हात पुरायचा नाही. लिहीपर्यंत पुढच्या तीन गेल्या.

तर तेव्हा गावात अशीच एक धर्मादाय संस्था आली. ग्रामपंचायतीसमोर मांडव, हार, शाली. बायकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? आत्या उठून म्हणाली, 'मला टेपरेकॉर्डर द्या.' सगळा मांडव हसला. संस्थेच्या बाई पण हसल्या, प्रेमाने हसल्या, तेच जास्त वाईट. आत्याला शिलाई मशीन मिळालं. टेपरेकॉर्डर त्या मशीनपेक्षा स्वस्त पडला असता हो!

बरं, मान्य, मशीनने घरं चालली. माझ्या चुलतीने त्याच मांडवातल्या मशीनवर ब्लाउज शिवून पोरीची डीएडची फी भरली, हे नाकारलं तर ती मला घरात घेणार नाही. पण चुलतीला मशीन हवं होतं म्हणून तिला ते कामाला आलं. आत्याच्या मशीनवर पुढे मिक्सर ठेवला होता.

तुम्ही म्हणाल एवढं काय ओव्यांचं. तुम्ही नाही म्हणणार, माझ्या लिस्टमधले आहात, पण काकामंडळी म्हणतील. त्यांच्यासाठी: हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी पुण्यातून हेच काम केलं, डोंगरातल्या गावांतल्या बायकांना सोबत घेऊन. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. नवऱ्याचा मार, माहेर, पाऊस, सीता, आंबेडकर, सगळं त्यात आहे, आणि रचणाऱ्या बहुतेक बायकांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आज पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साईटवर ऐकायला मिळतात, आवाजासकट. आणि 1993 ते 98 या काळात त्या कामाला पैसे कुठून आले माहितीये? युनेस्को, नेदरलँड्स सरकारचं एक खातं, आणि चार्ल्स लिओपोल्ड मेयर फाउंडेशन. म्हणजे आमच्या आज्यांच्या ओव्या जपायला पैसे युरोपातून. इथल्या कुणी विचारलं असणार, लाभार्थी किती?

आत्याला हे काम चाललंय याचा पत्ताही नव्हता. तिला वाटायचं हे खूळ आपल्या एकटीच्याच डोक्यात.

सगळेच तसे नसतात, तेही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये शिकवायला याल. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलेवरच्या संशोधनाला पैसे देतं, अर्ज आपल्या भाषेत केला तरी चालतो. मुंबईत स्पॅरो आहे, 1988 पासून बायकांची पत्रं, फोटो, आठवणी जमवतंय. आणि हो, 1920 मध्ये ठाकरसींनी कर्व्यांच्या विद्यापीठाला 15 लाख दिले आणि आईचं नाव लावून घेतलं, म्हणून तर एसएनडीटी. लावू देत नाव! मोठ्ठं लावा, सोनेरी लावा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पैसे देताना त्या बाईला काय हवंय ते ऐका.

आणि नेतृत्व नेतृत्व काय लावलंय. म्हसवडच्या बायकांची गोष्ट माहितीच असेल तुम्हाला. चेतना सिन्हांसोबत बँक काढायला निघाल्या, रिझर्व्ह बँकेने आधी परवानगी नाकारली, कारण बायका निरक्षर. त्या परत गेल्या आणि म्हणाल्या, लिहिता येत नाही पण व्याजाचा हिशोब विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. 1997 ला माणदेशी बँक उभी राहिली. यांना नेतृत्वाचं दोन दिवसांचं ट्रेनिंग कुणी दिलं होतं, सर्टिफिकेट आणि टोट बॅगसकट? माझ्या आत्याचं भर मांडवात उठून 'टेपरेकॉर्डर द्या' म्हणणं, ते नेतृत्व नव्हतं तर काय होतं?

आता माझं. मी गप्प का बसले? मला माहीत होतं काय बोलायचं. आत्याची गोष्ट अशी जिभेवर होती. पण पुढच्या वर्षी आमच्या संस्थेचा अर्ज त्याच टेबलावर जाणारे. झालं, लिहिलं. ते सौम्य आवाजाचे गृहस्थ निदान त्यांना जे वाटलं ते बोलले. चहा पितानाही बोलता आलं असतं, मी काय केलं तर काजू खाल्ले. एवढी मोठी पोस्ट लिहून मी कुणावर चिडलेय ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

अर्ज अजून पूर्ण फेटाळलेला नाहीये, 'पुढील बैठकीत विचार' अशा ढिगात आहे. उद्या सकाळी फोन करणारे. इथे लिहिलंय म्हणजे करावाच लागेल, तुम्ही विचाराल.

घरी आल्यावर माळ्यावरून बिस्किटाचा डबा काढला. आत्याची पानं. पिवळी पडलीयेत, शाई काही ठिकाणी पसरलीये, मागच्या बाजूने एकादशी आणि अमावस्या दिसतात. एका पानावर, श्रावणाच्या, वर नाव लिहिलंय 'थोरली पारू', आणि खाली

जात्याचा माझ्या खुंटा, हातामधी आला सैल

एवढंच. त्याखाली आत्याने एका ओळीची जागा सोडलीये, नीट, पट्टीने रेघ मारून.