मामाने फोन केले नाहीत

आज एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी आपल्या भाजपचा एक तरुण कार्यकर्ता. पांढरा कुर्ता, दोन फोन, जिलबीकडे लक्षच नाही. पुढच्या निवडणुकीच्या गप्पा निघाल्या आणि हा गडी मठ्ठ्याचा घोट घेत मला सांगतो, "काका, २०२३ च्या पोटनिवडणुकीत पुण्यातली कसब्याची विधानसभेची जागा आपल्या हातून गेली ती तुमच्यामुळे. टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून तुम्ही पेठेतले लोक रुसून बसलात."

रुसून बसलात! जणू काही आम्ही जावई आणि दिवाळसणाला अंगठी कमी पडली.

मुंज दुसऱ्याची होती म्हणून गप्प बसलो. पण दुपारभर डोक्यातून जाईना. मग म्हटलं, लिहून टाकावं. माझ्या लिस्टमधले निम्मे लोक पेठेतलेच आहात आणि उरलेले पेठेतून कोथरूडला गेलेले. तुम्हाला काय नवीन सांगायचं? तरीही सांगतो.

आधी माझा मामा. तुमच्यातले बरेच जण ओळखतात, त्यामुळे नाव घेत नाही, चिडतो. शनिवार पेठेतला. कमळाचं काम करायचं म्हणजे बूथ सांभाळायचा, एवढंच त्याचं राजकारण. पद नाही, फ्लेक्सवर फोटो नाही. मतदानाच्या दिवशी सकाळी टेबल टाकायचं, मतदारयादी, हिरवी फूटपट्टी, पेन्सिल आणि पाण्याची बाटली. मत देऊन आलेल्याच्या नावावर बारीक रेघ. त्याच्या यादीत खुणाही असतात. वारलेल्याच्या नावावर फुली, परदेशात गेलेल्याभोवती गोल आणि नावापुढे 'को' लिहिलं असेल तर कोथरूड, 'सिं' म्हणजे सिंहगड रोड. पेठेतला हा जुनाच प्रकार. माणूस वाडा सोडून फ्लॅटमध्ये जातो, मतदारयादीतलं नाव मात्र वाड्यातच राहतं. अशी माणसं आपणहून मतदानाला येत नाहीत, त्यांना आणावं लागतं. दुपारी तीन वाजले की मामा टेबलावरून उठतो, रेघ न पडलेली नावं काढतो आणि फोन लावायला घेतो. "काय रे, झोपलास का? आईला घेऊन ये. रिक्षा पाठवू का?" तीन ते सहा त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो.

२६ फेब्रुवारी २०२३ ला रविवार होता. तीन वाजले, साडेतीन झाले. मामा टेबलावर बसून होता. यादी समोर, फूटपट्टी यादीवर. मी म्हटलं, "मामा, फोन?" तर म्हणाला, "घसा बसलाय."

घसा बसला नव्हता. रात्री पिठलं-भाकरी खाताना तो दोन तास बोलत होता.

आता त्या पोरासाठी जरा उजळणी. मुक्ताताई टिळक. २०१७ ला पुण्याच्या महापौर, २०१९ ला अठ्ठावीस हजारांवर मताधिक्याने कसब्याच्या आमदार. मग कॅन्सर. जून २०२२ मध्ये राज्यसभेची आणि विधान परिषदेची निवडणूक होती, एकेका मताचा हिशोब चालला होता. बाई पुण्याहून अँब्युलन्समधून मुंबईला गेल्या आणि स्ट्रेचरवरून मत देऊन आल्या. एकदा नाही, दोनदा. २२ डिसेंबरला वारल्या. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगतापही आजारपणात तसेच अँब्युलन्समधून गेले होते. ३ जानेवारीला तेही वारले. दोन पोटनिवडणुका एकाच दिवशी लागल्या. ४ फेब्रुवारीला दोन्ही उमेदवार जाहीर झाले. चिंचवडला जगतापांच्या पत्नी अश्विनीताई, कसब्यात हेमंत रासने.

एका घराला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, तोही एकाच दिवशी, एकाच यादीत. हे बघायला चष्मा लागत नाही. मुक्ताताईंच्या मुलाला, कुणाल टिळकांना, प्रवक्ता केलं, झालं! त्यात आमची समजूत निघाली असं वरच्यांना वाटलं.

हो, घराणेशाही वाईटच. मान्य. आमदाराच्या घरातल्यालाच तिकीट मिळावं असा काही नियम नाही आणि आपण दुसऱ्या पक्षांना त्यावरून कमी बोललेलो नाही. पण मग चिंचवडला तो नियम का नाही लावला, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. "तिथलं गणित वेगळं होतं" हे उत्तर नव्हे.

आणि रासने वाईट उमेदवार नव्हते, हेही लिहून ठेवतो. नगरसेवक, स्थायी समितीचं अध्यक्षपद सांभाळलेले, इथलेच, बाहेरून आणून बसवलेले नाहीत. मामाचंही त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. पिठल्याच्या वेळी तो जे बोलला त्यात रासन्यांविरुद्ध एक शब्द नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच की नाव टीव्हीवर कळलं. इतकी वर्षं मी याद्या घासतोय, मला कोणी विचारलं असतं तर मी काही टिळकांचंच नाव घेतलं असतं असंही नाही. पण विचारायला हवं होतं. त्यातून एक पदाधिकारी त्याला म्हणाला, "कसबा काय, दगड उभा केला तरी येतो." मामाला लागलं ते हे वाक्य.

मलाही तेच लागलं. आम्हाला ब्राह्मण जात म्हणून मोजायचं असेल तर मोजा, गठ्ठा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, पण जाणार कुठे हे लोक, असं आमच्याच तोंडावर? गिरीश बापटसाहेब इथून १९९५ पासून २०१४ पर्यंत पाच वेळा निवडून आले. ते काय दगड होते म्हणून? त्याआधी १९९१ ची पोटनिवडणूक ते याच कसब्यात हरले होते, काँग्रेसच्या वसंत थोरातांकडून. म्हणजे कसबा पडू शकतो हे पक्षातल्या जुन्या लोकांना माहीत होतं. नंतर बापट कट्ट्यावर बसायचे, चहा प्यायचे, लग्नाला यायचे, मयताला यायचे. दुसऱ्या पक्षातल्यांशीही त्यांचं बरं होतं. कसबा आपला झाला तो असा. तो आकाशातून पडला नव्हता.

आणि त्याच बापटांना १६ फेब्रुवारीला केसरीवाड्यातल्या, म्हणजे टिळकवाड्यातल्या मेळाव्यात आणलं. व्हीलचेअरवर, नाकात ऑक्सिजनची नळी. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा काय वाटलं ते. मान्य, माणूस मनाचा खंबीर होता, त्यांना स्वतःलाच यायचं असेल. पण आजूबाजूच्यांना काही वाटायला नको? सगळं मंत्रिमंडळ गल्लीबोळात फिरत असताना ऑक्सिजनवरच्या माणसाने येऊन सांगावं लागतं की मत द्या, तेव्हाच कळायला हवं होतं की खाली काहीतरी बिघडलंय. २९ मार्चला ते गेले. माझ्या बायकोने त्या दिवशी टीव्ही बंद केला तो रात्रीपर्यंत लावला नाही.

जाऊ दे. हे लिहिताना पुन्हा डोकं तापलं. चहा करून आलो.

तर दुसऱ्या बाजूला, आघाडीकडून, कोण होतं? रवींद्र धंगेकर. आधी शिवसेना, मग मनसे, मग काँग्रेस. २००९ ला मनसेकडून बापटांना घाम फोडलेला माणूस. पूर्व भागात रात्री बारालाही दार उघडणारा नगरसेवक अशी ख्याती. त्याच्याबद्दल आपले नेते भाषणात विचारतात, "हू इज धंगेकर?" अहो, रविवार पेठेत, गंज पेठेत, गुरुवार पेठेत शाळेतल्या पोराला विचारा. निकालानंतर "धिस इज धंगेकर"चे फ्लेक्स लागले आणि ते बघून आपल्यातलेसुद्धा हसले. तुम्ही हसला होता, मला माहितीय.

कसबा म्हणजे फक्त सदाशिव, नारायण, शनिवार नव्हे, हे आपण पश्चिमेकडचे विसरतो. बराचसा कसबा पूर्वेकडच्या पेठांत आहे आणि त्याला टिळकवाड्याशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे "ब्राह्मण रुसले आणि सीट गेली" हा हिशोब गणितातही नापास आहे. हिंदू महासंघाचे आनंद दवे याच मुद्द्यावर उभे होते, त्यांना तीनशेच्या आसपास मतं पडली. रुसवा असता तर तिथे दिसला असता ना! आम्ही दुसऱ्याला मतं दिली नाहीत. आमच्यातले कित्येक घरी राहिले, आणि आणखी कित्येकांना घरातून काढायला कोणी गेलंच नाही.

निकाल आठवा. २ मार्च. कसब्याची जागा १०,९१५ मतांनी गेली. मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास. मतदारसंघात बूथ अडीचशेच्या वर. भागून बघा, बूथमागे चाळीस-बेचाळीस मतं येतात. मामाच्या यादीत नुसते 'को' आणि 'सिं' मिळून त्याहून जास्त आहेत. मी असं म्हणत नाही की प्रत्येक बूथवर एकेक मामा घसा धरून बसला होता. पण दोन-चार ठिकाणी नक्की बसला होता, आणि त्यांच्या टेबलापर्यंत कोणी आलं नाही. रोड शो झाले, मंत्री आले, मुख्यमंत्री-उपमुख्यमंत्री आले, चौकात फुलांचा खच पडला. फोन कोण करणार होतं?

चिंचवड जिंकलं हे आता कोणीतरी खाली कमेंटमध्ये फेकणारच. जिंकलं, आनंद आहे. पण तिथे आघाडीतून बंड करून राहुल कलाटे अपक्ष उभे राहिले आणि चव्वेचाळीस हजार मतं घेऊन गेले, जिंकलो ३६ हजारांनी. तेव्हा त्याचा फार तोरा नको. कसब्यात आघाडी एकत्र राहिली, हाही एक भाग आहेच.

आणि दुसरं जे फेकलं जाईल ते मीच सांगतो. २०२४ ला हेच रासने, हेच धंगेकर, आणि रासने १९ हजारांवर मताधिक्याने आले. मग उमेदवारात दोष होता असं कसं म्हणणार? नाहीच म्हणत! मी सुरुवातीपासून तेच बोंबलतोय. माणूस तोच होता. त्या वेळी समोर बंडखोरी होती, वारं आपल्या बाजूने होतं, सगळं खरं. पण निवडणुकीच्या बऱ्याच आधी वॉर्डातला एक पोरगा मामाकडे यादी घेऊन आला. म्हणाला, "आजोबा, यात कोण कुठे राहायला गेलंय ते सांगा, मी लिहून घेतो." मामाने त्याला तीन तास बसवून ठेवलं. मामी वैतागली, दोनदा पोहे झाले. मतदानाच्या दिवशी दुपारी मी मुद्दाम गेलो होतो. फोन चालू होते. "अगं, सून नसेल तर तू तरी ये!"

"कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला, आता बापटांचा नंबर का" असा फलक त्या पोटनिवडणुकीच्या वेळी लागला होता. कोणी लावला माहीत नाही. पुढे कोथरूडच्या माजी आमदार मेधाताई कुलकर्णींना राज्यसभा दिली, बरं केलं. पण फलक लागल्यावर शोध काय, तर लावला कोणी. का लावला हे विचारायला कोणाला वेळ नव्हता. आजच्या त्या पोरालाही नाही. त्याच्याकडे सर्व्हे आहे, ॲप आहे, जातवार एक्सेल शीट आहे. त्याने मला ती फोनवर दाखवली. त्यात 'को' आणि 'सिं'चा रकाना नव्हता.

आता गंमत बघा. लोकसभेला आपल्या मुरलीधर मोहोळांसमोर हरलेले, मग विधानसभेला रासन्यांसमोर हरलेले धंगेकर २०२५ मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत आले. म्हणजे आता मित्रपक्ष! मुंजीहून परत येताना मामाकडे डोकावलो आणि विचारलं, "मामा, उद्या वरून आदेश आला की धंगेकरांसाठी फोन करायचे, तर करशील?"

मामा म्हणाला, "आधी विचारायला कोण येतंय ते बघू. नाहीतर घसा आहेच."