पुन्हा तोच एव्हीई!

महिनाअखेर आली की आम्हा पीआरवाल्यांना, म्हणजे जनसंपर्कवाल्यांना, क्लायंटचा फोन ठरलेला. "रिपोर्टमध्ये एव्हीई टाकलंय ना?" एव्हीई म्हणजे 'अ‍ॅडव्हर्टायझिंग व्हॅल्यू इक्विव्हॅलन्सी', बातमीची जाहिरातीच्या भावात काढलेली किंमत. छापून आलेली बातमी फूटपट्टीने मोजायची, कॉलम सेंटिमीटरला जाहिरातीच्या दराने गुणायचं, वर 'बातमीवर लोकांचा विश्वास जास्त' म्हणून आणखी तीनने गुणायचं. तीनच का? देव जाणे! अहो, २०१० साली बार्सिलोनात पीआरच्या मोजमापवाल्यांनी जमून हे माप मोडीत काढलं, आणि आम्ही अजून फूटपट्टी घेऊन बसलोय. गेल्या महिन्यात तर ग्राहकांच्या तक्रारींची बातमी चार कॉलम आली, फोटोसकट. एक्सेलला काय, शिव्या नि कौतुक सारखंच. आकडा दणदणीत निघाला. साहेब खूश! "बघा, मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय की!"