‘नागपुरात घर घेणे काही कठीण नाही’ : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या दिवाळीपासून एक मजकूर माझ्या मोबाईलवर पाचव्यांदा आला आहे. आधी नातेवाइकांच्या गटातून आला, मग शाळेतल्या मैत्रिणींच्या गटातून, आणि शेवटी ज्या दलालाने आम्हाला तीन फ्लॅट दाखवले त्यानेही तोच पाठवला. त्याचा आशय असा : नागपूर म्हणजे मुंबई-पुणे नव्हे, इथे घर आजही स्वस्त आहे, आईवडिलांनी तुटपुंज्या पगारात घरे बांधली, आजची जोडपी मात्र दोन पगार असूनही कॅफे आणि मोबाईलपायी भाड्याने राहतात, भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, तेवढ्याच हप्त्यात स्वतःचे घर होते, फ्लॅट झेपत नसेल तर शहराबाहेर प्लॉट घ्यावा, सरकारी अनुदान आहेच, आणि थांबू नये, कारण भाव कधीच उतरत नाहीत.

मी आणि माझा नवरा दीड वर्षापासून घर शोधत आहोत. दोघांचे मिळून महिन्याला ९० हजार हाती येतात, गाठीशी ११ लाख आहेत आणि दुसरे कोणतेही कर्ज नाही. मजकुरात सारेच खोटे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु त्याने हिशोब चुकीच्या टोकाकडून धरला आहे. तो हप्त्यापासून सुरू होतो, आणि आमच्यासारखी माणसे अडतात ती पहिल्या हप्त्याच्या कितीतरी आधी.

मुंबईत ज्या पैशात जेमतेम एक खोली येते त्यात मनीषनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट येतो, हे खरे. पण नागपुरात घर घेणाऱ्याला पगारही नागपूरचाच मिळतो. इथली मुले शिकून पुण्याला जातात ती काही हवापालटासाठी नव्हे. तेव्हा तुलना सोडून आकडे मांडू. ५० लाखांचा तयार फ्लॅट धरा. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँकेला किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, म्हणजे १० लाख आपल्याला उभे करायचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च एवढ्या किमतीच्या घरात बँकेला कर्जासाठी धरता येत नाही. मेट्रोच्या नावाने लागणारा एक टक्का अधिभार मिळवून मुद्रांक शुल्क सात टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे साधारण साडेतीन लाख, आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. बेरीज १३ लाख ८० हजार होते. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले तर महिलांना मिळणाऱ्या एक टक्का सवलतीमुळे ५० हजार वाचतात, आणि ते आम्ही वाचवणारच आहोत. सासूबाईंना ते कसे सांगायचे हा निराळा विषय. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तोच फ्लॅट घेतला तर पाच टक्क्यांनी आणखी अडीच लाख जीएसटी लागतो, कारण एक टक्क्याचा दर ४५ लाखांपर्यंतच्या घरांनाच आहे. वकिलाची फी, दलालाचे कमिशन आणि खिडक्यांच्या ग्रिल मी अजून धरलेल्याच नाहीत.

हा झाला पांढऱ्यावर काळे करून मांडता येणारा हिशोब. जुन्या फ्लॅटच्या बाजारात याच दोन रंगांचा आणखी एक हिशोब चालतो. मागच्या पावसाळ्यात त्रिमूर्तीनगरात आम्हाला एक फ्लॅट मनापासून आवडला. मालक निवृत्त गृहस्थ, घरात देवापुढे समई तेवत असलेली, काकूंनी आल्याचा चहा दिला. आम्ही किंमत विचारली तेव्हा काकांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, “पंचावन लागतील. पण रजिस्ट्री चाळीसचीच करू, बाकीचं तुमचं तुम्ही पाहून घ्या.” घरी येऊन मी वहीत आकडे मांडले. ४० लाखांच्या व्यवहारावर बँक ३२ लाख देणार, म्हणजे वरचे ८ लाख आपले. शिवाय १५ लाख रोख, २ लाख ८० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी, असे एकूण २६ लाख १० हजार. हाच व्यवहार पूर्ण ५५ लाखांचा झाला असता तर आमच्याकडून सुमारे १५ लाख १५ हजार लागले असते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे काकांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. तो फ्लॅट आठ दिवसांत गेला. नागपुरात पगारदार माणसाची स्पर्धा दुसऱ्या पगारदाराशी असते असे मला आधी वाटायचे. प्रत्यक्षात ती या पंधरा लाखांच्या पिशवीशी असते, आणि त्या स्पर्धेत कर्जमंजुरीचे पत्र दाखवणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आता आईवडिलांच्या पिढीविषयी. माझ्या वडिलांनी कारकुनाच्या पगारात मानेवाड्याकडे घर बांधले, आणि त्यांना आजच्या दीडपटीहून चढ्या दराने व्याज भरावे लागले, हे मी विसरत नाही. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. परंतु ते घर कसे उभे राहिले हेही पाहायला हवे. आधी एका गृहनिर्माण सोसायटीच्या लेआउटमध्ये १,५०० चौरस फुटांचा प्लॉट हप्त्याहप्त्याने घेतला, चार वर्षे तिथे नुसती बाभळी वाढली. मग दोन खोल्या आणि वर टिना. स्लॅब आणखी सहा वर्षांनी पडला आणि वरचा मजला माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी. तिथे आता तो राहतो, आणि राहायलाच हवा. म्हणजे वडिलांनी घर एकदम विकत घेतलेच नाही. पगार वाढेल तसतसे, बोनस येईल तसतसे ते वीस वर्षांत घेतले. फ्लॅट असा घेता येत नाही. यंदा स्वयंपाकघर आणि पुढच्या वर्षी बेडरूम असे कोणता बिल्डर देतो?

राहिला कॅफेचा मुद्दा. आम्ही दोघे महिन्याला बाहेर खाण्यावर साधारण ३ हजार खर्च करतो, त्यात रविवारचे तर्री-पोहे आणि कधीमधी सावजीचे जेवण आले. ते सारे बंद केले तर वर्षाला ३६ हजार वाचतील आणि वर काढलेले १३ लाख ८० हजार जमायला ३८ वर्षे लागतील, अर्थात तोवर फ्लॅटची किंमत एक रुपयानेही वाढली नाही तर. मजकूर लिहिणाऱ्याने हा भागाकार केला नसावा.

‘भाड्याएवढ्याच हप्त्यात घर’ हे वाक्य तर मला प्रत्येक वेळी चक्रावून टाकते. आम्ही बेसा रस्त्यावर १५ हजार भाडे देतो. ४० लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने महिन्याला सुमारे ३४ हजार ७०० रुपये हप्ता पडतो, म्हणजे भाड्याच्या दुपटीहून अधिक. त्यातही पहिल्या महिन्याच्या हप्त्यात २८ हजार ३०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात आणि मुद्दल फिटते ते जेमतेम ६ हजार ४०० रुपये. भाडे पाण्यात जाते असे म्हणायचे तर हे व्याज कुठे जाते, हेही सांगायला हवे. सोसायटीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर वेगळा. अकरा महिन्यांचा करार संपत आला की पोटात गोळा येतो, भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकांना फोन करावा लागतो, आणि भाडे वाढत जाते तर हप्ता बहुतांशी तोच राहतो, म्हणून तर आम्हाला घर हवे आहे. ९० हजारांतून हा हप्ता आम्ही ओढूनताणून भरूही शकतो. पण तो भाड्याएवढा असतो हे साफ चूक आहे. जाता जाता सांगते, त्रिमूर्तीनगरातला तो फ्लॅट दोन महिन्यांनी त्याच दलालाने मला पुन्हा पाठवला : भाड्याने देणे आहे, १७ हजार.

प्लॉटचा सल्ला सर्वांत सहज दिला जातो आणि सर्वांत महागात पडतो तो हाच. दर रविवारी सकाळी गाडी घरून न्यायला येते, वाटेत नाश्ता मिळतो, आणि उमरेड रोडला किंवा गुमगावच्या पुढे शेतात चुन्याने आखलेल्या चौकोनांपुढे उभे करून आपल्याला भविष्य दाखवले जाते. एका ठिकाणी फलकावर ‘समृद्धी टच’ असे लिहिले होते. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, त्याने अंतरे कमी केली हे निर्विवाद. पण त्यावर चढता-उतरता येते ते केवळ इंटरचेंजवर. प्लॉट ‘टच’ असेल तर तो महामार्गाच्या कुंपणाला, आणि तिथून गाडीत बसायचे तर इंटरचेंज गाठावाच लागतो.

चेष्टा सोडून देऊ, खरा प्रश्न कागदांचा आहे. नागपूरकराला लेआउट म्हटले की एनए-टीपी (म्हणजे बिनशेती आणि नगररचना मंजुरी), आरएल आणि ‘५७२’, ‘१९००’ हे शब्द आपोआप आठवतात, कारण शेतजमिनीवर परस्पर पाडलेल्या आणि मागाहून नियमित होण्याची वाट पाहणाऱ्या लेआउटांचे हे आकडे नागपूर सुधार प्रन्यास या नियोजन संस्थेच्या कारभारातून थेट घराघरांच्या बोलण्यात आले आहेत. नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आरएल, हाती येईपर्यंत लोकांनी विकास शुल्क भरले, अर्ज केले, खेपा घातल्या, आणि पावसाळ्यात चिखलातून चपला हातात घेऊन घरी गेले. गुंठेवारीचा, म्हणजे असे परस्पर पाडलेले भूखंड नियमित करण्याचा, कायदा २००१ सालचा. त्यात मूळ मुदत १ जानेवारी २००१पूर्वीच्या भूखंडांची होती, ती २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे आणली गेली. अशा मुदतवाढी पाहूनच विकणारा छातीठोकपणे सांगतो, “ताई, आज ना उद्या आरएल येतेच.” पण बँक ‘आज ना उद्या’वर कर्ज देत नाही. त्यामुळे विनामंजुरीचा प्लॉट हा स्वस्त असूनही पूर्ण रोखीचा सौदा ठरतो, आणि मंजूर लेआउटमधला प्लॉट घेतला तर प्लॉटचा हप्ता, राहत्या घराचे भाडे आणि पुढे बांधकामाचा खर्च अशी तिहेरी ओढ लागते. वडिलांनी हेच केले होते, असे कोणी म्हणेल; त्यांनी ते केले तेव्हा प्लॉट सायकलने जाण्याच्या अंतरावर होता.

अनुदानाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यातील व्याज अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते, आणि मिळणारी रक्कम जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. ज्यांना ती मिळते त्यांना तिचा आधार होतोच. परंतु ती कर्ज झाल्यावर मिळते, आणि आमच्या शोधातले एकही घर ३५ लाखांच्या आत बसत नाही, शिवाय आमचे उत्पन्नही त्या मर्यादेच्या थोडे वर आहे. तरोडी खुर्द आणि वांजरी इथली सरकारी घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आहेत, आणि तिथे आमच्यासारख्यांनी रांग लावू नये हेच योग्य.

शेवटी ‘थांबू नका’. विमानतळालगतच्या मिहान या उद्योग प्रकल्पाची घोषणा झाल्यापासून वर्धा रोडवर नोकऱ्यांच्या आधी प्लॉटचे भाव आले, आणि त्या काळी घेऊन ठेवलेल्या कित्येक प्लॉटांवर आजही चार फुटी कंपाउंड, एक लोखंडी फाटक आणि मालकाच्या नावाची पाटी यांखेरीज काही नाही. तेव्हा भाव चढेच राहतात ते केवळ राहायला येणाऱ्यांमुळे नव्हे, हे मजकूर लिहिणाऱ्याने लक्षात घ्यावे. पण मला या सल्ल्यातली घाई अधिक खटकते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि चांगल्या, महागड्या वस्त्यांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरले. त्या भागात घर पाहायला गेलेल्याने पाणी कुठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचारायचे की नाही? आणि विचारायचे तर त्याला निदान एक संध्याकाळ हवी की नको?

बेलतरोडीतला तिसरा फ्लॅट आम्ही पाहिला तेव्हा दाराशी चार कुटुंबांच्या चपला होत्या. दलालाने मला गॅलरीत बाजूला घेऊन सांगितले, “ताई, आता ठरवाच. संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येऊन राह्यली.” आम्ही टोकन न देता कागदांच्या झेरॉक्स मागितल्या, त्या वकिलांकडे दिल्या, आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा तपास, व महापालिकेचा मंजूर नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले. पाचव्या दिवशी फ्लॅट विकला गेल्याचा निरोप आला, आणि पुढचा आठवडाभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. वकिलांचा फोन अकराव्या दिवशी आला. मंजूर नकाशात मजले तीनच होते. आम्ही पाहिलेला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता.